गोव्याच्या ‘व्हडल्या घरा’ची हद्द

राज्याची हद्द नदीने, खाडीने किंवा डोंगराच्या धारेने ठरते. शेताची हद्द बांधाने ठरते. परंतु पोर्तुगीजांनी १५६० साली गोव्यात जे धर्मन्यायासन स्थापन केले, त्याची हद्द अशा कोणत्याच खुणेने ठरत नसे. कागदोपत्री ती आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपपासून थेट चीनच्या किनाऱ्यावरील मकावपर्यंत आणि तिमोर बेटापर्यंत पसरलेली होती. मोझांबिक, होर्मुझ, दीव, दमण, वसई, चौल, कोचीन, सिंहलद्वीप, मलाक्का ही सारी ठाणी त्या एका कचेरीच्या अखत्यारात मोडत. एवढ्या अफाट टापूवर अधिकार सांगणाऱ्या या संस्थेपाशी स्वतःचे सैन्य नव्हते, आरमार नव्हते आणि न्यायाधीश तर बहुधा दोन, फार तर तीन. असे असूनही ती सुमारे अडीचशे वर्षे टिकली. ती कशाच्या बळावर टिकली, हा इतिहासातील मोठा उद्बोधक प्रश्न होय.

इन्क्विझिशन हा शब्द उच्चारताच चिता, साखळदंड आणि अंधारकोठडी यांची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. ती चित्रे खोटी नव्हेत. परंतु गोव्यात चाललेल्या एकंदर खटल्यांच्या मानाने प्रत्यक्ष चितेवर गेलेल्यांची संख्या फारच अल्प होती. चिता वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेळी पेटे. कचेरी मात्र रोज उघडे. त्या कचेरीचे कागद, कारकून, शपथा आणि दूरदूरचे प्रतिनिधी यांच्याकडे पाहिले म्हणजे तिच्या सामर्थ्याचे आणि तिच्या दुबळेपणाचेही मर्म ध्यानात येते.

या संस्थेचे मूळ पोर्तुगालात. राजा तिसरा जुवांव याच्या आग्रहावरून पोप तिसरा पॉल याने १५३६ साली पोर्तुगालास इन्क्विझिशनची परवानगी दिली. शिखरावर एक महान्यायाधीश, त्याच्या मदतीस लिस्बन येथील वरिष्ठ मंडळ, आणि त्यांच्या खाली प्रांतोप्रांतीची न्यायासने, अशी तिची रचना होती. काही ठिकाणची न्यायासने अल्पावधीत मोडून अखेर लिस्बन, एव्होरा आणि कोइंब्रा ही तीनच पोर्तुगालात स्थिर झाली. समुद्रापलीकडील साम्राज्याची वाटणी मात्र सरळ एका टोकावर करण्यात आली. केप ऑफ गुड होपच्या पश्चिमेकडील मुलूख, म्हणजे ब्राझील, अंगोला, अटलांटिक महासागरातील बेटे इत्यादी, लिस्बनच्या न्यायासनाकडे राहिला. पूर्वेकडील सर्व मुलूख गोव्याकडे आला. ब्राझीलसारख्या विस्तीर्ण देशात पोर्तुगीजांनी स्वतंत्र न्यायासन कधीच स्थापले नाही. तेथे १५९१ साली लिस्बनहून पाहणीसाठी एक अधिकारी पाठविण्यात आला, पुढेही असे दौरे झाले. परंतु आरोपींची रवानगी होई ती महासागर ओलांडून लिस्बनलाच. युरोपाबाहेर पोर्तुगीजांचे न्यायासन एकच, आणि ते गोव्याचे.

शेजारच्या स्पेनने आपली व्यवस्था निराळ्या प्रकारे लावली. दुसऱ्या फिलिप राजाच्या आज्ञेने १५७० साली लिमा येथे आणि १५७१ साली मेक्सिको येथे न्यायासने आली. १६१० साली कार्ताहेना येथे तिसरे न्यायासन बसविण्यात आले. मेक्सिकोची हद्दही काही लहान नव्हती. पॅसिफिक महासागरापलीकडील फिलिपाइन्स बेटे तिच्यातच मोडत आणि मनिला येथील प्रतिनिधीचे कागद गलबताने मेक्सिकोस जात. तथापि एका बाबतीत या दोन पद्धतींत महदंतर होते. अमेरिकेतील मूळच्या रहिवाशांना, ते नुकतेच धर्मात आले आहेत आणि त्यांस धर्माचे पुरते ज्ञान नाही, या कारणास्तव स्पेनच्या राजाने इन्क्विझिशनच्या कक्षेतून वगळले आणि त्यांची प्रकरणे बिशपांकडे ठेवली. गोव्यात अशी सूट मिळाली नाही. काल-परवा बाप्तिस्मा घेतलेला कुणबी, कोळी किंवा सुतार आणि सात पिढ्यांचा ख्रिस्ती असलेला पोर्तुगीज सरदार हे दोघेही एकाच न्यायासनापुढे उभे राहत. या एका फरकाने गोव्याचा पुढील सारा इतिहास निराळा झाला.

गोव्यास हे न्यायासन असावे, अशी मागणी सेंट फ्रान्सिस झेवियर याने १५४६ सालच्या एका पत्रातून पोर्तुगालच्या राजाकडे केली होती. त्यापूर्वीच, १५४३ साली, जेरोनिमो दियश नावाच्या यहुदी वंशाच्या एका वैद्यास गोव्यात पाखंडाच्या आरोपावरून देहदंड झाला होता. म्हणजे न्यायासन येण्याआधीच त्याची सावली आलेली होती. १५६० साली आलेइशो दियश फाल्कांव आणि फ्रान्सिश्कु मार्किश हे पहिले दोन न्यायाधीश गोव्यास उतरले. त्यांच्या कचेरीसाठी पूर्वीच्या आदिलशाही राजवाड्याची वास्तू देण्यात आली. पोर्तुगीज लोक या संस्थेस ‘सांतु ओफीसियु’, म्हणजे पवित्र कचेरी, असे म्हणत. गोव्याच्या रयतेने तिला आपल्या कोकणीत साधे नाव दिले: ‘व्हडले घर’. या दोन शब्दांत आदर किती आणि धास्ती किती, हे सांगावयास नको.

या मोठ्या घरातील कारभार मोठा शिस्तीचा होता. न्यायाधीशांच्या जोडीला सल्लागार म्हणून ‘देपुतादु’ असत. सरकारी फिर्यादीचे काम ‘प्रोमोतोर’ पाही. जबान्या लिहून घेण्यास नोटरी, आक्षेपार्ह वचनांचा व ग्रंथांचा निर्णय देण्यास धर्मशास्त्री, तुरुंगावर एक मुख्य अधिकारी, पकडवॉरंट बजावण्यास शिपाई, आणि शिवाय ‘फामिलियार’ नावाचे गृहस्थवर्गातील हस्तक असत. फामिलियार होण्यासाठी पूर्वजांच्या रक्तात यहुदी किंवा मूर अंश नाही याची चौकशी होई आणि ती पार पडली म्हणजे समाजात मान व काही सवलती मिळत. पगार राजाच्या खजिन्यातून निघत, आणि आरोपींची जप्त झालेली मालमत्ताही राजाच्याच खजिन्यात जाई. कामकाजाचे नियम ‘रेजिमेंतु’ नावाच्या छापील संहितांत बांधलेले होते. १६१३ आणि १६४० सालच्या संहिता त्यांत प्रमुख होत.

फिर्यादीचे नाव आरोपीस सांगावयाचे नाही, साक्षीदार कोण हे कळू द्यावयाचे नाही, आणि सुटलेल्या माणसाने आत काय घडले ते बाहेर बोलावयाचे नाही, हा नियम सर्वत्र सारखा होता. देहदंडाची शिक्षा न्यायासन स्वतः अंमलात आणीत नसे. ते आरोपीस ‘ऐहिक सत्तेच्या हवाली’ करी आणि दयेची औपचारिक विनंतीही करी. पुढचे काम राजाचे अधिकारी करीत. अशा रीतीने धर्माचे हात कागदावर स्वच्छ राहत.

येथपर्यंत झाली ती एका शहरातील कचेरी. तिचा हात मोझांबिक किंवा मकावपर्यंत पोचावयाचा तो ‘कोमिसारियु’ या प्रतिनिधींच्या द्वारे. बंदरोबंदरी एखादा पाद्री, बहुधा त्या गावातील मठाचा मुख्य किंवा एखादा विद्वान धर्मोपदेशक, या कामी नेमला जाई. गोव्याहून आलेली श्रद्धेविषयीची जाहीर आज्ञा चर्चमध्ये वाचून दाखविणे, कोणी आपल्या शेजाऱ्याविरुद्ध वर्दी घेऊन आला तर ती नोटरीसमक्ष लिहून घेणे, साक्षी तपासणे आणि सर्व कागद मोहरबंद करून गोव्यास धाडणे, ही त्याची कामे. बंदरात आलेल्या जहाजांवर निषिद्ध ग्रंथ आहेत की काय, हेही पाहिले जाई. मात्र निवाडा करण्याचा अधिकार कोमिसारियुस नव्हता. गोव्याहून हुकूम आला म्हणजे आरोपीस पकडून पहिल्या गलबताने रवाना करावयाचे, एवढेच त्याच्या हाती असे. म्हणजे ऐकण्याचे कान शेकडो कोसांवर पसरलेले आणि बोलणारे तोंड मात्र एकाच ठिकाणी, अशी ही योजना होती.

या यंत्राचे फिरणे कसे होते, हे शार्ल देलाँ या तरुण फ्रेंच वैद्याच्या हकिगतीवरून उत्तम कळते. देलाँ दमण येथे वैद्यकी करीत असे. धर्मविषयक काही मोकळ्या बोलण्यावरून त्याच्याविरुद्ध वर्दी गेली. ऑगस्ट १६७३ मध्ये दमणातच त्यास अटक झाली. त्याचा गुन्हा दमणचा, साक्षीदार दमणचे, अटकही दमणची. परंतु निवाडा मात्र गोव्याखेरीज कोठेही होऊ शकत नव्हता. म्हणून काही महिने दमणच्या तुरुंगात काढल्यावर १६७४ च्या आरंभी त्यास बेड्या घालून गलबतावर चढविण्यात आले. वाटेत वसईच्या तुरुंगात मुक्काम झाला आणि मग तो गोव्यास पोचला. तेथे दोन वर्षे एकांतकोठडीत गेली. १२ जानेवारी १६७६ रोजी मिरवणुकीत इतर कैद्यांबरोबर चालवून त्यास शिक्षा ऐकविण्यात आली: मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालात पाच वर्षे सक्तमजुरी. तेथून ब्राझीलमार्गे तो लिस्बनला नेला गेला आणि १६७७ साली सुटला. गुप्ततेची शपथ मोडून त्याने आपली हकिगत लिहिली आणि १६८७ साली ती छापून निघाली. दमणातील गप्पांच्या बैठकीत निघालेला एक शब्द तीन खंडांच्या किनाऱ्यांवरून एका माणसाला फरफटत नेऊ शकत होता. इन्क्विझिशनची हद्द म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

परंतु या पसाऱ्यावर एका गोष्टीचा कडक अंमल चाले आणि तो कोणत्याही पोपचा वा राजाचा नव्हता. तो होता मोसमी वाऱ्यांचा. लिस्बनहून आरमार निघे ते वसंतात आणि गोव्यास लागे ते पाऊस ओसरल्यावर. परतीची गलबते सुटत ती हिवाळ्यात. गोव्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिस्बनहून येण्यास दीड-दोन वर्षे सहज लागत. त्यामुळे युरोपातील न्यायासनांवर वरिष्ठ मंडळाची जी करडी नजर असे, ती गोव्यावर तितकी राहणे शक्य नव्हते. दूरच्या बंदरांची स्थिती याच्या उलट. मकाव किंवा मलाक्का येथून एक आरोपी पाठवावयाचा म्हणजे खर्च, तुफान आणि शत्रूची जहाजे यांच्याशी गाठ. साहजिकच तेथील पुष्कळशा वर्द्या कागदावरच राहत. नकाशावर हद्द जेवढी लांब, तेवढा तिचा भार पातळ. आणि गोव्याच्या जितके जवळ जावे, तितका तो जड.

हा भार सर्वांत जड पडला तो तिसवाडी, बारदेस आणि गोव्यातील साष्टी या तीन महालांतील रयतेवर. आरंभीच्या दशकांत न्यायासनाचा रोख यहुदी वंशाच्या नव-ख्रिस्ती व्यापाऱ्यांवर व विद्वानांवर होता. प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता १५६८ साली मरण पावला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले आणि १५८० साली खुद्द त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. मेलेल्या माणसावरही या न्यायासनाची हद्द चाले. पुढे मात्र बहुसंख्य आरोपी स्थानिक ख्रिस्ती लोक झाले आणि त्यांच्यावरील मुख्य आरोप हिंदू आचार पाळल्याचा असे.

येथेच या हद्दीची खरी रेषा दिसते. बाप्तिस्मा न घेतलेल्या हिंदूवर वा मुसलमानावर, केवळ तो परधर्मी आहे म्हणून, न्यायासनास अधिकार नव्हता. पण त्याने धर्मांतरास अडथळा केला किंवा एखाद्या ख्रिस्ती मनुष्यास आपल्या विधीत ओढले, असा आरोप आला की तोही पकडीत येई. ख्रिस्ती झालेल्या माणसाची तर सुटका नव्हतीच. एप्रिल १७३६ मधील आज्ञापत्र वाचले म्हणजे ही रेषा घराच्या कोणकोणत्या कोपऱ्यातून जात होती, हे कळते. लग्नात हळद लावणे, विडा-सुपारी देऊन भाऊबंदांस आमंत्रण करणे, ओव्या गाणे, एकादशीस उपास करणे, भातात मीठ न घालता तो शिजविणे, अंगणात तुळस लावणे, पुरुषांनी धोतर नेसणे, हे सारे त्या आज्ञापत्राने ख्रिस्ती रयतेस निषिद्ध ठरविले. ज्या कचेरीची हद्द नकाशावर मकावपर्यंत गेली होती, तिने प्रत्यक्षात हद्द घातली ती स्वयंपाकघरात आणि तुळशीवृंदावनाभोवती. आजीने नातीला शिकविलेली ओवी ऐकून शेजारीण वर्दी देईल की काय, या धास्तीत ज्या घरांना पिढ्यान् पिढ्या दिवस काढावे लागले, त्यांना ती हद्द दाखविण्यास कोणत्याही नकाशाची गरज नव्हती.

या सत्तेची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. जेथे पोर्तुगालच्या राजाची तलवार पोचत नसे, तेथे न्यायासनाचा कागद निरुपयोगी ठरे. तिसवाडीतून नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, गेलेला मनुष्य त्याच्या हातचा सुटे. मंगेश, शांतादुर्गा आदी दैवतेही सोळाव्या शतकात त्याच वाटेने पलीकडे नेण्यात आली आणि आजही त्यांची स्थाने तेथेच आहेत. फोंडे १७६३ साली पोर्तुगीजांकडे आले. परंतु तोपर्यंत काळ बदलला होता आणि या नव्या मुलुखातील हिंदूंच्या धर्माचारात हात न घालण्याचे धोरण सरकारास पत्करावे लागले. गोव्याच्या एकाच लहानशा प्रदेशात अशा दोन निरनिराळ्या दुनिया शेजारीशेजारी नांदल्या.

मुंबईकरांना तर या हद्दीची खूण घरापाशीच सापडेल. १६६१ सालच्या विवाहतहान्वये मुंबई बेट इंग्लंडच्या राजास मिळाले आणि १६६५ साली त्याचा ताबा दिला गेला. त्या दिवसापासून माहीमच्या खाडीच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल, आणि पलीकडे वांद्र्यापासून ठाणे-वसईपर्यंत पोर्तुगीजांचा अंमल व त्याच्या पाठोपाठ व्हडल्या घराचा कान. पुढे १७३७ साली मराठ्यांनी मोहीम उघडून ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. या विजयाचे वर्णन करताना किल्ला, सुरुंग आणि रणवाद्ये यांची आठवण नेहमी होते. त्याच बरोबर हेही स्मरणात ठेवण्याजोगे आहे की त्या दिवशी गोव्याच्या न्यायासनाच्या हद्दीतून उत्तर कोकणचा एक भरगच्च मुलूख गळून पडला.

परक्या राजाच्या धाकाने कैदी सुटल्याचेही उदाहरण आहे. मद्रासेतील इंग्रजांच्या वसाहतीत राहणारा एफ्राइम द नेव्हेर नावाचा फ्रेंच कापुचिन पाद्री १६४९ साली शेजारच्या पोर्तुगीज सेंट थॉमे येथे पकडला गेला आणि गोव्यास धाडला गेला. गोवळकोंड्याच्या दरबारी त्याचा स्नेह होता. त्या बाजूने सेंट थॉमेवर दडपण येताच दोन वर्षांच्या आत त्याची मुक्तता झाली.

खुद्द पोर्तुगीज सरकारासही हे न्यायासन सदैव सोयीचे नव्हते. हिंदुस्थानातील व्यापाराची भिस्त हिंदू व मुसलमान व्यापाऱ्यांवर होती. न्यायासनाच्या धाकाने हे लोक इंग्रजांच्या मुंबईकडे वा मोगलांच्या सुरतेकडे वळतात, अशी तक्रार अठराव्या शतकातील व्हाइसरॉयांच्या पत्रांत दिसते. व्हाइसरॉय राजाचा प्रतिनिधी. न्यायाधीश महान्यायाधीशाचे प्रतिनिधी. दोघांचेही धनी लिस्बनला. त्यामुळे गोव्यात उठलेला वाद तेथे मिटत नसे आणि रयतेस दोन धन्यांची मर्जी सांभाळावी लागे.

अखेर १७७४ साली पोंबालच्या मार्किसाच्या कारकिर्दीत हे न्यायासन बंद करण्यात आले. त्याचे पतन होताच पहिल्या मारिया राणीने १७७८ साली काहीशा सौम्य नियमांनिशी त्यास पुन्हा जीवदान दिले. १८०८ साली क्लॉडियस ब्युकॅनन हा इंग्रज धर्मोपदेशक ते पाहून गेला आणि त्याच्या लेखनाने युरोपात खळबळ उडाली. त्या वेळी पोर्तुगालचा राजवंश नेपोलियनच्या भयाने ब्राझीलला जाऊन राहिला होता आणि इंग्रजांच्या आधारावर त्याचा निभाव लागत होता. इंग्रजांचा आग्रह मोडवेना. जून १८१२ मध्ये गोव्याचे न्यायासन कायमचे बंद झाले. लिस्बनचे त्यानंतर नऊ वर्षांनी, १८२१ साली मिटले.

न्यायासन मिटले आणि त्याबरोबर त्याचे दप्तरही नष्ट झाले. खटल्यांचे बहुतेक कागद जाळण्यात आले. ज्या संस्थेने कागदाच्या जोरावर राज्य केले, तिने जाताना कागदच आधी संपविले. उरले ते असे: लिस्बन व रिओ दि जानेरो येथील पत्रव्यवहार, देलाँसारख्यांच्या हकिगती, आणि जुवांव देल्गादु फिगैरा या अधिकाऱ्याने १६२३ साली तयार केलेली आरोपींची यादी. त्या एका यादीत १५६१ पासूनच्या ३,८०० खटल्यांची नोंद आहे. १७७४ पर्यंतच्या खटल्यांचा एकंदर आकडा सोळा हजारांच्या वर जातो. अशा तुटपुंज्या साधनांतून अ. का. प्रियोळकरांनी या विषयावरील आपला इंग्रजी ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध केला, ही मराठी संशोधनास भूषणावह गोष्ट होय.

देल्गादु फिगैराची यादी कारभाराच्या सोयीसाठी केलेली होती. नाव, गाव, आरोप, शिक्षा, एवढेच तिच्यात असावयाचे. कोणास जुने खटले शोधणे सोपे व्हावे, हा तिचा हेतू. आज मात्र त्या हजारो माणसांपैकी बहुतेकांचा या जगात राहिलेला हाच एक मागमूस आहे. कोणी कोळी, कोणी विणकर, कोणी विधवा, कोणी दर्यावर्दी. त्यांच्या जबान्या जळाल्या, त्यांनी काय बचाव केला तो जळाला, त्यांच्यावर कोणी वर्दी दिली ते नावही जळाले. ज्या कारकुनी व्यवस्थेने त्यांना पकडले, तिच्याच एका कारकुनी वहीने त्यांची नावे राखली. व्हडल्या घराची ती वास्तू जुन्या गोव्यातून नाहीशी झाली आहे. बारदेस-साष्टीतील ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाच्या रसाने वधूवरांस न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ आणि त्या वेळी गावयाची गाणी मात्र अद्याप चालू आहेत.